‘बसविणे’ आणि ‘बसणे’ : कार्बोरेटरच्या रबरी जोडांच्या निमित्ताने काही विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीतील प्रयोजक क्रियापदांचा विचार आपल्याकडे बहुधा रूपसिद्धीच्या अंगाने झालेला आहे. ‘बसणे’पासून ‘बसविणे’ आणि ‘उठणे’पासून ‘उठविणे’ ही रूपे प्रत्यय लागून सिद्ध होतात. ‘जळणे’–‘जाळणे’, ‘मरणे’–‘मारणे’ या जोड्यांत स्वर दीर्घ होतो. ‘तुटणे’–‘तोडणे’, ‘सुटणे’–‘सोडणे’ यांत स्वर आणि व्यंजन दोन्ही पालटतात. हे सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. त्यामानाने अर्थाच्या अंगाने उपस्थित होणारा एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला आहे. ‘मी अमुक वस्तू बसविली’ असे कोणी म्हटले, म्हणजे ‘ती वस्तू बसली’ हे विधान त्यात अंतर्भूत झाले, असे समजावे काय?

वरवर पाहता उत्तर होकारार्थी वाटेल. प्रयोजक क्रियापदाची रूढ व्याख्याच अशी, की प्रयोजकाने मूळ कर्त्याकडून क्रिया करवून घेतली. क्रिया घडली नसेल तर करवून घेतली असे म्हणता येणार नाही. परंतु ‘बटण बसविले, पण नीट बसले नाही’, ‘त्याला पुष्कळ समजाविले, पण त्याला समजले नाही’, ‘मुलाला पहाटे उठविले, पण तो उठला नाही’ ही वाक्ये मराठी भाषकाला मुळीच विसंगत वाटत नाहीत. याचा अर्थ, व्याख्या आणि व्यवहार यांत काही अंतर आहे.

हे अंतर किती आहे आणि त्याचे परिणाम काय होतात, हे पाहावयाचे तर काव्यातील किंवा संभाषणातील उदाहरणांपेक्षा एखादे यांत्रिक काम घेणे अधिक सोयीचे. तेथे ‘बसले’ की ‘बसले नाही’ हा मताचा प्रश्न राहत नाही. यंत्रच त्याचा निवाडा करते. प्रस्तुत लेखात जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरला जोडलेली रबरे बसविण्याचे काम उदाहरणादाखल घेतले आहे. ते काम प्रथम नीट समजून घेऊ. नंतर त्याच्या भाषेकडे वळू.

२. यंत्राची रचना

उदाहरणासाठी होंडा सीबी ७५० हे यंत्र घेतो. १९६८ सालच्या टोकियो येथील मोटार-प्रदर्शनात ते प्रथम मांडले गेले आणि १९६९ पासून विक्रीस आले. एका ओळीत आडवे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६१ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ६३ मिलिमीटर, म्हणजे एकूण आकारमान ७३६ घन सेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र असे २८ मिलिमीटर व्यासाचे चार कार्बोरेटर एका पट्टीवर शेजारी शेजारी जडविलेले असतात. आपल्याकडील जुन्या गाड्या बहुतेक एका कार्बोरेटरच्या. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने काढलेल्या राजदूत ३५० सारखी दोन कार्बोरेटरांची गाडी अपवादानेच आढळे. एका जोडाच्या बाबतीत जी अडचण नजरेआड होते ती चार जोडांच्या बाबतीत स्पष्ट दिसते, म्हणून ही निवड.

या कार्बोरेटरांच्या दोन्ही बाजूंना रबर आहे. पुढे, इंजिनाच्या बाजूस, चार आखूड नळ्या असतात. त्यांचे एक तोंड इंजिनाच्या नळकांड्यावर आणि दुसरे कार्बोरेटरच्या नळकांड्यावर चढते. दोन्ही टोकांना आवळावयाच्या पट्ट्या असतात. मागे, हवा गाळणाऱ्या डब्याच्या बाजूस, चार लांबट नळ्या असतात. या डब्याला कोणी एअरबॉक्स म्हणतात, कोणी नुसता फिल्टरचा डबा. मागच्या नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या मागील तोंडावर चढते; दुसऱ्या टोकाला बाहेरून गोल खाच असते आणि ते डब्याच्या भोकात असे दाबून बसवावयाचे असते, की भोकाची कड सर्व बाजूंनी त्या खाचेत यावी.

हवेचा मार्ग असा : डबा, मागचे रबर, कार्बोरेटर, पुढचे रबर, इंजिन. कार्बोरेटर हा या मार्गावरील मोजणीचा नाका होय. त्यातून जेवढी हवा जाते तेवढ्या प्रमाणात तो पेट्रोल सोडतो. संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि हे प्रमाण फार बिघडून चालत नाही. नाक्याच्या अलीकडे फट पडली काय आणि पलीकडे पडली काय, दोन्हींचे परिणाम म्हणूनच अगदी भिन्न होतात.

पुढचा जोड नीट बसला नाही, तर त्या फटीतून शिरणारी हवा न मोजता इंजिनात जाते. मिश्रण पेट्रोलाला पारखे होते. समजा, जोडाचा परीघ १०० मिलिमीटर आहे, आणि त्याच्या चतुर्थांश भागात दशांश मिलिमीटरची फट राहिली आहे. या फटीचे क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर. कार्बोरेटरचे पूर्ण उघडे तोंड सुमारे ६१६ चौरस मिलिमीटर. त्याच्याशी तुलना करता ही फट अर्ध्या टक्क्याहूनही कमी. भरधाव वेगात ती जाणवणार नाही. परंतु गाडी उभी असून इंजिन मंद फिरत असते, तेव्हा कार्बोरेटरची वाट जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाची ओढ मात्र तीव्र असते. तेव्हा हीच अडीच चौरस मिलिमीटरची फट मुख्य वाटेशी स्पर्धा करू लागते. रेस सोडली तरी इंजिनाचा वेग खाली येत नाही, सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होतात, एखादा सिलिंडर इतरांहून अधिक तापतो. यालाच आपले मिस्त्री ‘गाडी हवा घेते’ असे म्हणतात. फट मोठी असेल आणि गाडी तशीच दामटली, तर प्रकरण पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर येते. ज्या दोन-फेरी इंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यांत तर पेट्रोलाबरोबर तेलाचेही प्रमाण घटते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होण्याचा धोका संभवतो.

मागचा जोड बसला नाही तर काय होते? येथे आत शिरणारी हवा कार्बोरेटरमधूनच जाते. म्हणजे ती मोजली जाते. इंजिन प्रायः कुरकुरत नाही. परंतु ती हवा गाळलेली नसते. रस्त्यावरची धूळ तिच्याबरोबर आत जाते आणि सिलिंडरची भिंत व पिस्टनच्या कड्या हळूहळू घासून काढते. पुढच्या जोडाचा दोष आवाज करतो. मागच्या जोडाचा दोष मुका असतो, आणि तो कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. भाषेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. जेथे यंत्र स्वतः होऊन सांगत नाही, तेथे मनुष्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. ‘बसविले’ या शब्दावर.

३. रबराचा स्वभाव

हे काम अवघड का होते, याचे कारण रबराच्या रचनेत आहे. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांनी गंधकासह रबर तापविण्याची प्रक्रिया शोधून काढली, आणि तेव्हापासून रबराला स्थिर आकार व लवचिकपणा एकाच वेळी देता येऊ लागला. लांबलचक साखळ्यांसारखे रेणू गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांस जागोजाग बांधले जातात. ताणले तर ते सरकतात, सोडले तर मूळ जागी येतात. परंतु इंजिनाची उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या योगे वर्षानुवर्षे या रचनेत पालट होत राहतो. अशा जोडांच्या रबरात दुवे वाढत जातात, मऊपणा देणारी द्रव्ये उडून जातात, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे रबर लाकडासारखे कठीण होते. ते आकुंचितही होते. जे नवे असताना बोटांनी चढत असे, ते आता दोन्ही हातांच्या जोराला दाद देत नाही.

यावर रूढ उपाय दोन. पहिला, उष्णतेचा. जोड गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून मऊ करावा. ज्योतीपेक्षा पाणी बरे, कारण पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. ज्योतीला अशी मर्यादा नसते. दुसरा उपाय मुरविण्याचा. जुन्या गाड्यांचे शौकीन विंटरग्रीनच्या तेलात झायलीन मिसळून त्यात कठीण झालेली रबरे काही दिवस बुडवून ठेवतात. त्याने रबर फुगते व मऊ होते. या तेलाचा मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट हा दुखऱ्या सांध्यांना चोळावयाच्या मलमांतही असतो, त्यामुळे त्याचा वास घरोघरी ओळखीचा आहे. झायलीनची वाफ ज्वलनशील व अपायकारक असल्याने हे काम उघड्या जागी करावे लागते. चिरा पडलेल्या रबराला मात्र दोन्ही उपाय निरुपयोगी. ते बदललेच पाहिजे.

चढविताना तोंडाला साबणाचे पाणी लावतात. तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, कारण पेट्रोलियमजन्य तेलाने पुष्कळ प्रकारचे रबर फुगून कुजते. शिवाय तेल लावलेला जोड पुढेही निसरडाच राहतो. साबणाचे पाणी वाळून जाते आणि रबर धातूला धरून राहते.

एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढील विवेचनाचा तो आधार आहे. रबर हा ‘मनाजोगा’ पदार्थ नव्हे. लाकडात खिळा ठोकला की तो ठोकला तेथेच राहतो. रबर आपण ढकलले तेथे जाते, पण हात काढताच मागे येऊ पाहते. एका बाजूने कड खाचेत दाबावी तर दुसऱ्या बाजूने ती बाहेर येते. कर्त्याची क्रिया पूर्ण होऊनही वस्तूची अवस्था अपूर्ण राहू शकते, असा हा पदार्थ आहे.

४. घालणे, चढविणे, खोचणे

आता या कामाच्या क्रियापदांकडे वळू. ‘कार्बोरेटरच्या तोंडात रबर घाला’ अशी सूचना लिहिली, तर मराठी वाचक तिचा कोणता अर्थ घेईल?

मराठीत ‘घालणे’ या क्रियापदाबरोबर येणारी सप्तमी फार विलक्षण आहे. ‘डब्यात साखर घाल’ या वाक्यात साखर आत आणि डबा बाहेर. परंतु ‘बोटात अंगठी घाल’, ‘पायात जोडा घाल’, ‘अंगात सदरा घाल’, ‘गळ्यात हार घाल’ या वाक्यांत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अंगठी बाहेर असते, बोट आत असते. तरी सप्तमी बोटालाच लागते. अंगावर ल्यावयाच्या वस्तूंच्या बाबतीत मराठी भाषा आतबाहेरचा विचार करीत नाही. स्थिर काय आणि हलविले काय, एवढेच पाहते. बोट स्थिर, अंगठी हलविलेली, म्हणून ‘बोटात अंगठी’.

आपल्या सूचनेत त्यामुळे संदिग्धता निर्माण होते. रबर तोंडावर अंगठीसारखे बाहेरून यावयाचे आहे, की साखरेसारखे आत जावयाचे आहे? यंत्रशाळेतील बोलीने हा प्रश्न निराळ्या क्रियापदाने सोडविला आहे. बाहेरून येऊन वेढणाऱ्या वस्तूला ‘चढविणे’ हे क्रियापद लागते : टायर रिंगवर चढवितात, उशीवर अभ्रा चढवितात, मुठीवर रबर चढवितात. भोकात शिरून अडकणाऱ्या वस्तूला ‘खोचणे’ किंवा ‘दाबून बसविणे’. मागच्या नळीला ही दोन्ही क्रियापदे एकाच वेळी लागू पडतात. ती पुढच्या टोकाने ‘चढते’ आणि मागच्या टोकाने ‘खोचली जाते’. सुतारांच्या व नळजोडणी करणाऱ्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर ती एका टोकाला मादी आणि दुसऱ्या टोकाला नर आहे. त्यातही गंमत अशी, की नर टोकाला स्वतःची खाच आहे आणि डब्याच्या भोकाची कड तिच्यात शिरते. म्हणजे तेथे नर-मादीची वाटणीही पुरी पडत नाही. एकट्या ‘घालणे’ या क्रियापदाने हे वर्णन साधत नाही, हे उघड आहे.

या ठिकाणी तौलनिक पुरावा उद्बोधक ठरतो. सूनजा चोई आणि मेलिसा बावरमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरियन भाषेतील ‘क्किदा’ या क्रियापदाकडे लक्ष वेधले होते. कोरियन भाषक बोटात अंगठी घालणे आणि घट्ट डबीत वस्तू बसविणे या दोन्ही क्रियांना तेच क्रियापद वापरतात. टोपलीत सैलसर फळ ठेवण्यास मात्र दुसरे. म्हणजे तेथे आत की बाहेर हा भेद गौण असून घट्ट की सैल हा भेद प्रधान आहे. ज्या देशात आपले उदाहरणाचे यंत्र तयार झाले त्या जपानच्या भाषेतही ‘हामेरु’ हे क्रियापद हातमोजा, अंगठी, भोकातील बटण अशा नेमक्या बसणाऱ्या वस्तूंना लागते, आणि त्याची अकर्मक जोडी ‘हामारु’ ही ‘नेमके बसणे’ या अर्थाची आहे. मराठीत ही जागा ‘बसविणे’–‘बसणे’ या जोडीने भरून काढलेली दिसते. ‘झाकण बसले’, ‘चूल बसली’, ‘दाराला कडी बसली’, ‘अंगरखा अंगाला छान बसला’ या सर्वांत ‘आसनस्थ होणे’ हा मूळ अर्थ मागे पडून ‘जागच्या जागी नेमके राहणे’ हा अर्थ पुढे आला आहे. मराठी व जपानी भाषांतील सकर्मकतेचा तौलनिक अभ्यास प्रशांत परदेशी यांनी केलेलाच आहे. त्या अभ्यासाला यंत्रकामाच्या शब्दसंग्रहाची जोड मिळाल्यास तो अधिक समृद्ध होईल, असे वाटते.

५. क्रिया आणि निष्पत्ती

आता मूळ प्रश्न. ‘बसविले, पण बसले नाही’ हे वाक्य चालते. ‘तोडले, पण तुटले नाही’ हे मात्र खटकते. ‘समजाविले, पण समजले नाही’ सहज चालते. ‘झोपविले, पण झोपला नाही’ हेही चालते. ‘फोडले, पण फुटले नाही’ हे ऐकताच आपण म्हणू, की मग फोडले कसे? फोडण्याचा प्रयत्न केला, असे म्हणा.

या दोन गटांत भेद कशाचा? रूपाचा भेद डोळ्यांत भरतो. पहिल्या गटातील क्रियापदे प्रत्यय लागून झालेली आहेत. दुसऱ्या गटातील क्रियापदांत धातूचेच रूप पालटले आहे. परंतु ‘जाळले, पण जळले नाही’ हे वाक्य, ओल्या लाकडाच्या संदर्भात, पुष्कळांना चालण्याजोगे वाटते. जपानी भाषेतील अशाच वाक्याची चर्चा इकेगामी योशिहिको यांनी केली होती, आणि ती भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. केवळ रूपावर भेद बसविता येत नाही.

माझ्या मते भेद कर्माच्या स्वभावाचा आहे. मुलगा उठवूनही पडून राहू शकतो, कारण त्याला इच्छा आहे. ऐकणारा समजावूनही न समजू शकतो, कारण त्याला बुद्धी आहे. ओले लाकूड पेटवूनही न पेटू शकते, कारण त्यात पाणी आहे. रबर बसवूनही न बसू शकते, कारण त्यात ताण आहे. ज्या कर्माला स्वतःचा काही कल असतो, तेथे कर्त्याची क्रिया आणि कर्माची निष्पत्ती यांमध्ये मराठी भाषा एक फट मोकळी ठेवते. काच फुटण्याला असा प्रतिकूल कल नसतो. म्हणून ‘फोडले’मध्ये ‘फुटले’ येऊनच जाते.

संयुक्त क्रियापदाने ही फट बुजते. ‘बसवून टाकले, पण बसले नाही’ हे वाक्य ‘बसविले, पण बसले नाही’ याच्याइतके सुखाने ऐकवत नाही. हिंदीतील साधी पूर्णवाचक रूपे आणि संयुक्त क्रियापदे यांच्यात असाच भेद असल्याचे मोना सिंग यांनी १९९८ मध्ये दाखविले होते. मराठीतील सहायक क्रियापदांची यादृष्टीने पद्धतशीर पाहणी होणे अगत्याचे आहे.

यंत्रशाळेतील बोलीला हा भेद ठाऊक आहे. उस्ताद शिकाऊ मुलाला ‘बसवलंस का?’ असे विचारून थांबत नाही. त्याचा खरा प्रश्न असतो, ‘का रे, बसला का नीट?’ पहिल्या प्रश्नाला मुलगा स्वतःच्या श्रमाकडे पाहून उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याला जोडाकडे पाहावे लागते. कर्ता बदलला की लक्षही बदलते.

६. ‘आवळणे’ आणि ‘पिळणे’

पट्टीच्या बाबतीतही हीच फट आढळते. स्क्रू ‘पिळतात’, पट्टी ‘आवळतात’. पिळणे ही हाताची क्रिया आहे. आवळणे ही पट्टीची रबरावर होणारी क्रिया. पट्टी जुनी होऊन ताणली गेली असेल, तर तिची दोन टोके एकमेकांस भिडतात, आणि त्यानंतर स्क्रू कितीही पिळला तरी पट्टी आवळत नाही. मनगटाला मात्र घट्टपणाचा पूर्ण प्रत्यय येतो. ‘स्क्रू घट्ट पिळला’ हे विधान सत्य असूनही ‘पट्टी आवळली गेली’ हे असत्य राहते. लेखी सूचनेत ‘स्क्रू घट्ट करावा’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याने सूचना तंतोतंत पाळूनही काम बिघडते. दोष वाचणाऱ्याचा नव्हे. क्रियापद चुकीच्या वस्तूला जोडणाऱ्याचा.

यातून होणारे नुकसान केवळ एका जोडापुरते राहत नाही. गाडी हवा घेते, वेग खाली येत नाही, म्हणून मनुष्य कार्बोरेटर खोलतो. मिश्रणाचे स्क्रू फिरवितो, जेट मोठे घालतो. काही काळ बरे वाटते. पण फट जागच्या जागीच असते, आणि एका सिलिंडरच्या फटीसाठी चारही कार्बोरेटरांचे गणित बिघडून जाते. ‘जोड तर मी बसविले आहेत’ या वाक्यावरील विश्वास या सर्वाच्या मुळाशी असतो.

७. ‘-ऊन’चा क्रम

सूचनेतील क्रियापदांइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा. पाणिनीने ‘क्त्वा’ प्रत्ययाचे विधान करताना दोन अटी घातल्या : दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा, आणि पहिली क्रिया आधी घडलेली असावी. मराठीतील ‘-ऊन’ प्रत्यय हा प्राकृतातील ‘-ऊण’च्या वाटेने आला असून त्या दोन्ही अटी तो सामान्यतः पाळतो. ‘रबर तापवून, साबणाचे पाणी लावून, कार्बोरेटरवर चढवावे’ या वाक्यात क्रम आपोआप येतो. परंतु ‘-ऊन’ हा कर्त्याच्या क्रियांची माळ ओवतो. वस्तूच्या अवस्थेची वाट पाहत नाही. ‘चारही जोड बसवून पट्ट्या आवळाव्यात’ आणि ‘चारही जोड बसल्यावर पट्ट्या आवळाव्यात’ या दोन वाक्यांत भेद आहे. पहिल्यात कारागिराने आपले काम आटोपले की पुरे. दुसऱ्यात जोडांनी आपले काम केले पाहिजे. कर्ता बदलताच ‘-ऊन’ची जागा ‘-ल्यावर’ घेतो. सूचना लिहिणाराने हा प्रत्ययभेद जाणीवपूर्वक पाळावयास हवा.

या विवेचनाच्या आधारे सदर कामाची सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

(१) डब्याचे बोल्ट काढून तो जितका मागे सरकेल तितका सरकवावा. चारही मागची रबरे डब्याच्या भोकांत दाबून बसवावीत. रबरांना बाक किंवा खूण असल्यास ती मूळ जागी आहे, हे पाहावे. भोकाची कड खाचेत सर्व बाजूंनी बसली, याची बोट फिरवून खात्री करावी. हा जोड नंतर हाताशी येत नाही.

(२) पुढची चार रबरे इंजिनाच्या नळकांड्यांवर चढवावीत. पट्ट्या सैल ठेवाव्यात आणि स्क्रूंची तोंडे पेचकस पोहोचेल अशा दिशेने करावीत.

(३) रेसच्या केबल आधीच जोडून घेऊन कार्बोरेटरांची जोडपट्टी दोन्ही बाजूंना सारखा जोर देत पुढच्या रबरांत सरळ ढकलावी. एक टोक आधी व दुसरे मागून ढकलल्यास मधली दोन रबरे दुमडतात.

(४) चारही जोड कडेपर्यंत गेल्यावर, लहान आरसा व दिवा घेऊन खालची बाजू पाहावी. खालची बाजू डोळ्यांना दिसत नाही, आणि फट बहुधा तेथेच राहते.

(५) डबा पुढे सरकवून मागची रबरे कार्बोरेटरांच्या मागील तोंडांवर चढवावीत. प्रत्येक रबराची कड आत दुमडली नाही, हे पाहावे.

(६) आठही रबरे बसल्यावाचून एकही पट्टी आवळू नये. एक जोड आधी आवळला, तर उरलेल्यांना जागच्या जागी येण्यास मोकळीक राहत नाही. आवळल्यानंतर पट्टीच्या टोकांमध्ये थोडे अंतर उरले पाहिजे. टोके भिडली असतील तर पट्टी बदलावी. शेवटी डब्याचे बोल्ट लावावेत.

परीक्षेविषयी दोन शब्द. साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहण्याची युक्ती येथे चालत इंजिनावर उपयोगी पडत नाही, कारण फटीतून हवा बाहेर येत नसून आत ओढली जाते. मंद फिरणाऱ्या इंजिनाच्या पुढच्या जोडांभोवती थोडे थोडे पाणी फवारावे. फट असल्यास इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. काही जण यासाठी ज्वलनशील द्रव वापरतात. तापलेल्या इंजिनाजवळ ते धोक्याचे आहे. मागच्या जोडांना मात्र अशी कोणतीही परीक्षा लागू पडत नाही. तेथे डोळा आणि बोट हीच साधने.

८. उपसंहार

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली, आणि त्यानंतर विविध शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध झाले. ते काम मोलाचे आहे. परंतु परिभाषेचा विचार आपण मुख्यतः नामांच्या अंगाने करीत आलो आहोत : या वस्तूला काय म्हणावे, त्या भागाला काय म्हणावे. वर पाहिलेल्या कामात नामांनी फारशी अडचण केली नाही. ‘कार्बोरेटर’, ‘फिल्टर’, ‘पट्टी’, ‘स्क्रू’ हे शब्द कारागिराला पुरतात. अडचण आली ती क्रियापदांत, सप्तमीत आणि ‘-ऊन’मध्ये, आणि तिचे उत्तरही कोशात सापडले नाही, बोलीत सापडले.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकणाऱ्या मराठी मुलांसमोर येणाऱ्या सूचना पुष्कळदा भाषांतरित असतात. मूळ सूचनेतील क्रियापद सकर्मक आज्ञार्थी असले की भाषांतरातही ‘बसवा’, ‘घाला’, ‘घट्ट करा’ एवढेच येते, आणि निष्पत्ती सांगणारे अकर्मक वाक्य राहून जाते. ते वाक्य लिहावयास चार शब्द लागतात. न लिहिल्यास एखाद्याच्या इंजिनाची किंमत लागते, आणि ब्रेकसारख्या भागाच्या बाबतीत कदाचित त्याहून अधिक.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांना यातून एक विषय सुचवावासा वाटतो. फिटर, सुतार, नळजोडणी करणारे, शिंपी आणि टायरवाले यांच्या बोलीतील जोडणीवाचक क्रियापदे गोळा करावीत; प्रत्येकाची अकर्मक जोडी नोंदवावी; आणि ‘केले, पण झाले नाही’ ही कसोटी प्रत्येक जोडीला, निदान पाच भाषकांकडून, लावून पाहावी. शिंप्याची ‘बाही बसविली’ आणि फिटरचे ‘रबर बसविले’ यांना एकच उत्तर मिळते की निराळे, हे कळल्यावर वर मांडलेल्या उपपत्तीची खरी परीक्षा होईल.